नोराचे दोन शेवट

इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’विषयीं बोलणें निघालें कीं एक मत हमखास कानांवर येतें. नवऱ्याचें घर सोडून जाणारी नोरा नॉर्वेच्या नीतीला मानवत असेल, आपल्या नीतीला मानवणार नाहीं; ज्या देशाची नीति त्या देशाला शोभते. अनंत काणेकरांच्या ‘घरकुला’नें (१९४१) ही कथा मराठींत आणून पुष्कळ वर्षें लोटलीं, तरी आक्षेप जुना झालेला नाहीं. तो परक्यांच्या चालीरीतींविषयीं उदार दिसतो, म्हणूनच अधिक फसवा आहे.

मुळांत नोराचें जाणें तिच्या स्वतःच्या मुलखालाहि मानवलें नव्हतें. डिसेंबर १८७९ मध्यें कोपनहेगन येथें नाटक छापून निघालें आणि त्याच महिन्यांत रंगभूमीवर आलें, तेव्हां स्कँडिनेव्हियांत घरोघर वाद माजले. जर्मनींत हेडविग नीमान-राबे या नामांकित नटीनें शेवटचा प्रवेश करण्याचें साफ नाकारलें. आपण आपलीं मुलें टाकून कधींच गेलों नसतों, हें तिचें कारण. नाटककाराच्या हक्काला तेथें कायद्याचा आधार नव्हता. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षां आपणच केलेली बरी, असा विचार करून इब्सेननें १८८० मध्यें निराळा शेवट लिहून दिला. त्यांत हेल्मर तिला निजलेल्या मुलांच्या दाराशीं नेतो आणि ती तेथेंच खचून खालीं बसते. या शेवटाला रानटी म्हणणारा पहिला माणूस खुद्द इब्सेनच होता. लंडनला १८८४ सालीं झालेल्या रूपांतरांत तर नवराच बायकोचा अपराध आपल्या शिरावर घेतो. मग बिचारीला जाण्याचें कारणच उरत नाहीं!

म्हणजे निरनिराळ्या देशांतील लोकांना खुपलें तें एकच. खरा भेद एका दिवाणखान्यांत बसलेल्या दोन माणसांमधला आहे. पुरुषाची सदसद्विवेकबुद्धि एक आणि स्त्रीची दुसरी, पण स्त्रीचा न्याय मात्र पुरुषांच्या कायद्यानें होतो, हें इब्सेननें १८७८ च्या टिपणांतच नोंदवून ठेविलें होतें. नोरानें आजारी नवऱ्याला इटलीस नेण्यासाठीं कर्ज काढलें आणि रोख्यावर मरणोन्मुख बापाची सही स्वतःच केली. बापाला त्रास देऊं नये, नवऱ्याचा जीव वाचवावा. यांत पाप कोठें, हें तिला खरोखर उमगत नाहीं. हेल्मरला सही कळते तेव्हां तो तिला गुन्हेगार ठरवितो, मुलें वाढविण्यास नालायक म्हणतो. रोखा परत येतांच तो आपण वाचल्याचें ओरडून सांगतो, आणि ‘मग माझें काय?’ असें नोराला विचारावें लागतें. इतका वेळ तो जिला नीति म्हणत होता ती अब्रूची काळजी होती.

नोराची बाजू मात्र इब्सेननें सोपी ठेविलेली नाहीं, आणि हेंच पुष्कळांच्या नजरेंतून सुटतें. सावकार क्रोगस्टाडनेंहि पूर्वीं तसलेंच कृत्य केलें होतें, आणि तें तिच्याहून मोठें नव्हतें, हें तो तिला तोंडावर ऐकवितो. हेतु शुद्ध म्हणून नोराला क्षमा, तर क्रोगस्टाडचा हेतु कोणी विचारला? नोराजवळ उत्तर नाहीं. आपलेंच खरें असा डंका पिटीत ती बाहेर पडत नाहीं. समाजाचें बरोबर कीं आपलें, हें शोधण्यासाठीं ती जाते. जर्मन शेवटानें हा शोधच बंद केला. ‘देशाची नीति’ म्हणणारे आपल्याकडील टीकाकारहि, शेवटाला हात न लावतां, तेंच करितात.

या बाबतींत आम्हांस चिनी लेखक लू शुन याचें कौतुक वाटतें. १९२३ च्या डिसेंबरांत बीजिंगच्या एका स्त्री-महाविद्यालयांत त्यानें घर सोडल्यावर नोराचें पुढें काय होतें यावर व्याख्यान दिलें. ही परक्यांची नीति आहे, असें म्हणून त्यानें समोर बसलेल्या मुलींची सुटका केली नाहीं. जवळ पैसा नसेल तर अधःपात होईल, नाहीं तर परत यावें लागेल, असें त्यानें त्यांना रोखठोक सांगितलें. आमच्या आक्षेपकांपैकीं हेल्मरच्या घरांतील पैसा कोणाच्या हातीं होता एवढें तरी कितीजणांनीं पाहिलें आहे?