मॅकमर्फीला मिळाली ती शिक्षा की उपचार?

आमच्या सावंतवाडीत कुणी जरा वेगळं वागलं की लोक सहज म्हणतात, ‘हेका रत्नागिरीक धाडूक व्हया.’ तिथे मनोरुग्णालय आहे ना! उपचाराच्या जागेची अशी धमकी होते. केन केसीच्या १९६२ च्या ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ कादंबरीत ही धमकी खरी होते.

बंडखोर मॅकमर्फीची शेवटी झाली ती गत योग्य होती का? तो काही निर्दोष नाही. तुरुंगातली मजुरी टाळायला वेडाचं सोंग घेतो, शेवटी नर्स रॅचेडचा गळा धरतो. त्याबद्दल खटला भरता आला असता. पण त्याच्यावर होते लोबोटॉमी, मेंदूची शस्त्रक्रिया. शिक्षेआधी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, उपचाराआधी रुग्णाची गरज. इथे दोन्ही झालं नाही. त्यामुळे माझं उत्तर ‘नाही’.

याच शस्त्रक्रियेसाठी मोनीश यांना १९४९ चं नोबेल मिळालं होतं, हे विसरू नका. आज आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशा शस्त्रक्रियेला रुग्णाची संमती आणि मंडळाची मंजुरी दोन्ही लागतात.

उद्या तुमच्या संशोधनात माणसं असतील. पद्धत कितीही नावाजलेली असो, आधी विचारा: हे त्यांच्या भल्याचं आहे, की आपल्या सोयीचं?