मंचावरची माउली

चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता गळा साथ देत नाही, म्हणून श्रोत्यांत बसून पाहतो. पाहताना जे खटकले ते लिहितो. त्यात माझाही दोष आहे.

एका गावी काल्याच्या कीर्तनानंतर ब्लँकेटवाटप होते. नावे मीच पुकारली. ‘निराधार’ म्हणून एकेकीला मंचावर बोलावले. एका म्हातारीने तोंडावर पदर ओढला आणि फोटो होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळापूर्वी ती माझ्या पाया पडली होती, मी तिच्या पडलो होतो. कीर्तनात ती माउली होती, मंचावर लाभार्थी झाली. आम्ही तिला पांघरूण दिले आणि चारचौघांत उघडे पाडले.

आपल्या जिल्ह्यातले देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखोबारायांचे जन्मगाव मानले जाते. त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारापाशी आहे. तिला नमस्कार करून आपण आत जात राहिलो, आणि त्यांच्या माणसांना सहाशे वर्षे बाहेर ठेवले. १९४७ साली साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. नमस्काराने मान राखला जातोच असे नाही, हे यातून शिकावे.

आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा पाहा. कीर्तनाआधी ते स्वतः गाव झाडत आणि कुणाला पाया पडू देत नसत. पंढरपुरात त्यांनी चोखोबांच्या नावाने धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्यांच्यासाठी वास्तू बांधली, त्यांच्याच हाती कारभार दिला. आपण मात्र दोन पोती तांदूळ देतो आणि फलकावर नाव पाहतो.

कोणी म्हणेल, देणगीदाराला हिशेब दाखवावा लागतो. खरे आहे. पण हिशेब वहीत लिहावा. त्यासाठी गरिबाचा चेहरा कशाला?

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, कोरकू बांधवांच्या वस्तीत सेवेला जाणाऱ्यांनी आधी त्यांना काय हवे ते विचारावे. त्यांची भाषा आणि देव यांना नावे ठेवू नयेत. ‘माळ घाला, मग मदत देऊ’ असे तर कधीच म्हणू नये. माळ स्वखुशीने घालायची असते. धान्याच्या मोबदल्यात घातलेली माळ गळ्यात राहते, मनात उतरत नाही.

वारकरी बंधु-भगिनींनो, आपल्याला नवे काही शिकायचे नाही. पंगतीत वाढपी वाकतो, जेवणारा बसलेला असतो. पानावर बसलेल्याची जात विचारायची नसते. हीच रीत वाटपालाही लावा. वस्तू घरी नेऊन द्या, नाव पुकारू नका, फोटो काढू नका.

ती म्हातारी आज हयात आहे की नाही, ठाऊक नाही. तिची क्षमा मागायची राहून गेली. ती इथे मागतो.