चूक कोणाची? जान्नी रोदारी यांचा विनोद आणि व्याकरण

बालसाहित्यातील विनोद आणि व्याकरण यांच्या संबंधाचा विचार बहुधा साखरेत घोळलेल्या औषधाच्या प्रतिमेतून केला जातो. नियम कडू, विनोद गोड आणि लेखकाचे कौशल्य दोहोंच्या मिश्रणात, अशी ही समजूत आहे. ती स्वीकारली की नियमाला अधिकार कोठून प्राप्त होतो, हा प्रश्नच उद्भवत नाही. इटालियन लेखक जान्नी रोदारी (१९२०-१९८०) यांचे लेखन महत्त्वाचे ठरते ते त्यांनी हा प्रश्न विनोदाच्याच माध्यमातून उभा केला म्हणून.

रोदारी यांनी तरुणपणी प्राथमिक शाळांतून अध्यापन केले. १९४७ पासून ते कम्युनिस्ट पक्षाच्या 'लुनिता' या दैनिकात पत्रकार होते आणि मुलांसाठीचे त्यांचे लेखन या पत्रकारितेतूनच सुरू झाले. शिक्षकाला परिचित असलेली लाल शाई आणि पत्रकाराला परिचित असलेले कष्टकऱ्यांचे जग, हे दोन्ही अनुभव १९६४ च्या 'चुकांचे पुस्तक' या संग्रहात एकत्र आलेले दिसतात. या प्रकाशनकाळालाही अर्थ आहे. १९६२ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने इटलीत सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा आली. त्यामुळे घरात बोली बोलणाऱ्या मुलांपुढे प्रमाण इटालियनचा प्रश्न अधिक व्यापक प्रमाणावर उभा राहिला.

या संग्रहातील विनोदाची मूळ युक्ती साधी आहे: शब्दातील अक्षर गळाले वा आघातचिन्ह चुकले की वस्तूच बिघडते. परंतु या युक्तीत एक अडचण दडलेली आहे. चुकीला हसण्यासाठी वाचकाला बरोबर रूप आधीच ठाऊक असावे लागते. म्हणजे हसणारा नियमाच्या बाजूला उभा असतो आणि ज्याच्याकडून चूक घडते तो हास्यविषय होतो. असा विनोद प्रमाणभाषेची सत्ता सौम्य करीत नाही, ती दृढ करतो. रोदारी यांना या धोक्याची जाणीव होती, हे प्राध्यापक ग्रामातिकुस या त्यांच्या पात्रावरून दिसते. चुका शोधत हिंडणारा हा पंडित हळूहळू स्वतःच विनोदाचा विषय बनतो.

एका कथेत तो व्याकरणाची सुधारणा करू पाहतो: विशेषणांचे वर्ग दोनच, आवडणारी आणि नावडणारी, क्रियापदेही दोनच प्रकारची, चालवावीत अशी आणि खोटे बोलणे, चोरणे यांसारखी सोडून द्यावीत अशी. येथे वर्गीकरणाची थट्टा आहे, पण तिच्या जागी येणारा नीतिपाठ फारच सुलभ आहे.

याउलट 'असणे आणि जवळ असणे' ही आगगाडीतील कथा या संग्रहाचे मर्म होय. इटालियनमध्ये 'जाणे' या क्रियापदाला भूतकाळी 'असणे' या अर्थाचे सहायक क्रियापद लागते. परदेशी कामाला निघालेले दक्षिणेकडील मजूर मात्र 'जवळ असणे' या अर्थाचे क्रियापद योजतात. ग्रामातिकुस त्यांना दटावतो. त्यांच्यातील एक मजूर नियम नाकारत नाही. 'जाणे' हे आपल्याला अतिशय दुःखाचे क्रियापद वाटते, एवढेच तो नम्रपणे सांगतो. पंडित 'असणे'ची रूपे म्हणू लागतो, तेव्हा मजूर उत्तरतो की कोठेही गेलो तरी आम्ही मनाने गावातच असतो. सहायक म्हणून आलेले क्रियापद येथे अस्तित्ववाचक होते. पंडिताला उमगते की मोठ्या चुका शब्दांत नसून व्यवहारात आहेत. चूक बोलणाऱ्याकडून उचलून त्याला देशोधडीला लावणाऱ्या व्यवस्थेकडे नेली जाते आणि वाचकाला मजुराला हसण्याची सोय उरत नाही.

तथापि या कथेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. मजुराचा प्रयोग हा निव्वळ अज्ञानाचा परिणाम नव्हे. दक्षिणेकडील अनेक बोलींत अशा क्रियापदांना 'जवळ असणे' याच अर्थाचे सहायक क्रियापद लागते. त्यामागे बोलीचा स्वतःचा नियम आहे. रोदारी चुकीला क्षमा करतात, तिचे कारण दाखवतात. पण ती एका दुसऱ्या व्याकरणातील शुद्ध रूप असू शकते, हे कथा म्हणत नाही. करुणेने भाषिक न्यायाची जागा घेतली आहे.

१९७० मध्ये रोदारी यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. त्यानंतर १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'कल्पनेचे व्याकरण' हा ग्रंथ या मर्यादेतून बाहेर पडण्याची एक वाट दाखवतो. रेज्जो एमिलिया येथे १९७२ मध्ये शिक्षकांबरोबर झालेल्या चर्चांतून तो आकाराला आला. येथे नियम हा निवाडा करणारा राहत नाही, तो निर्मितीचे साधन होतो. इटालियनमधील अभावदर्शक उपसर्ग 'तोफ' या शब्दाला जोडला की युद्ध करण्याऐवजी युद्ध उलगडून टाकणारी तोफ तयार होते. उपसर्गाचे कार्य मुलाला कळते, पण ते पाठांतरातून नव्हे, वापरातून. चूकही येथे कथेचे बीज ठरते. नियमाची मालकी पंडिताकडून मुलाकडे येते.

म्हणून रोदारी यांनी व्याकरण गमतीचे केले, हे विधान अपुरे आहे. चुकीला कोण हसतो आणि नियम कोणाच्या हाती असतो, हे त्यांच्या विनोदाचे खरे विषय आहेत. भाषेच्या योग्यायोग्यतेला 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' असे सोवळ्याओवळ्याची आठवण करून देणारे शब्द वापरणाऱ्या आपल्या परंपरेतील अभ्यासकाला तर हे दोन्ही प्रश्न टाळता येण्याजोगे नाहीत.