पगडी तेवढी लाल

जुन्या पोर्ट्रेट फोटोंवर हल्ली एक उपचार सर्रास होतो. सगळा फोटो करडा ठेवायचा आणि एकच वस्तू रंगवायची: सरदाराची पगडी लाल, नाहीतर बाईसाहेबांच्या शालूचा काठ हिरवा. पोरांच्या भाषेत ‘कलर स्प्लॅश’. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा चुडा तेवढा रंगीत ठेवतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच की लग्नाच्या फोटोत तो रंग कॅमेऱ्यानं खरोखर टिपलेला असतो, बाकीचे रंग काढलेले असतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या फोटोत तो बाहेरून आणून घातलेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

आपल्या इंदूरचंच उदाहरण घेऊ. लाला दीनदयाळ रुडकीच्या कॉलेजातून इंजिनिअरिंग शिकून १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले. (आमच्या जातकुळीचा माणूस, म्हणून थोडा पक्षपात आहे, मान्य.) त्या काळची कलोडियनची ओली काच निळ्या-जांभळ्या प्रकाशाला हळवी असे, लाल तिला जवळपास दिसतच नसे. त्यामुळे लाल पगडी फोटोत काळपट येई, पिवळं वस्त्र गडद येई आणि निळा शेला पांढुरका. पुढे आलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचाही सुरुवातीला बहुतेक अशाच होत्या. सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटा बाजारात मिळू लागल्या त्या १९०६ च्या सुमारास.

म्हणजे फोटोतला काळपट ठिपका लाल असेल, गडद हिरवा असेल किंवा खरंच काळा असेल. करड्या छटेचा एक आकडा हातात आहे आणि त्यावरून लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे शोधायचेत. एका समीकरणातून तीन अज्ञातं निघत नाहीत, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. रंग भरणारी सॉफ्टवेअरं तरी ती काढून देतात, कारण ती आजच्या रंगीत फोटोंना करडं करून उलट जायला शिकलेली असतात. त्या काचेला लाल दिसत नव्हता, हे त्यांच्या गावीही नसतं. निळा शेला बिनधास्त मलईरंगी होऊन येतो. चेहऱ्याचं तर बोलायलाच नको. ‘क्वालिटी वाढवा’चं बटण दाबलं की देवीचे व्रण, सुरकुत्या गायब आणि माळव्याच्या उन्हात रापलेला माणूस दोन छटांनी उजळ.

बरं, बाकीचा भाग तरी अस्सल राहतो का? नाही. अल्ब्युमेन कागदावरच्या छापाला सोन्याच्या क्षारानं जांभळट-तपकिरी छटा देत. ती पुसून निव्वळ करडं करणं हाही एक इफेक्टच झाला, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की पूर्वीही फोटो रंगवतच होते. होते ना! आपल्या संस्थानांत फोटोवर जलरंग चढवणारे कारागीर मिनिएचरच्या परंपरेतून आलेले होते. कधी ते फक्त दागिने आणि जरी सोनेरी करत, कधी अख्खा फोटो अपारदर्शक रंगाखाली झाकून टाकत. नाथद्वाऱ्याच्या काही मनोरथ-चित्रांत तर भक्ताचा चेहरा तेवढा फोटोतून कापून चिकटवलेला असतो, बाकी सगळं चित्र. खुशामतही त्यात भरपूर. पण त्या रंगाऱ्याला पगडी प्रत्यक्ष बघता येत होती, निदान विचारता तरी येत होती. आणि ब्रशचा थर छापावर उघड दिसतो: भिंगाखाली धरा, फोटो कुठे संपला आणि रंग कुठे सुरू झाला ते कळतं. संगणकाच्या रंगाला अशी कड नसते.

मला हे सगळं चांगलंच झोंबलं ते एका घराण्याच्या स्मरणिकेमुळे. त्यात पूर्वजाच्या पगडीचा रंग सांगून शाखा सिद्ध केली होती. आधार काय, तर असा रंगवलेला फोटो! दरबारी पोशाखाचा रंग हवा असेल तर पुरावे आहेत की. यशवंतराव होळकरांना (दुसरे) मॅन रेनं कृष्णधवल टिपलं, पण बर्नार्ड बुते द मोनव्हेलनं त्यांचं मराठा पोशाखातलं तैलचित्रही केलंय. रंग बघायचा तर तिथे बघावा. मॅन रेनं मुद्दाम छाया-प्रकाशावर उभ्या केलेल्या चेहऱ्याला पिंक करून काय मिळतं? जामदारखान्याच्या नोंदी, घरातले जुने कापडाचे तुकडे यांनाही विचारावं.

मंडळाकडे येणारे घरगुती फोटो आता बरेचदा रंगवूनच येतात. मूळ प्रत मागितली तर “ती खराब झाली होती” असं ऐकायला मिळतं. खराबच पाठवा. रंगीत प्रत शेजारी लावायला हरकत नाही, पण कोणी रंगवली आणि कशाच्या आधारे, ते खाली लिहिलेलं हवं. आणि स्कॅन करताना पुठ्ठ्याची मागची बाजू सोडू नका. स्टुडिओचं नाव-गाव पुष्कळदा तिथेच छापलेलं असतं, आणि पगडीवर झूम करण्याच्या नादात पहिली कात्री त्या पुठ्ठ्यालाच लागते.