धनुष्याचे मोल

वीरांची सोंगे घेऊन खेळावयाच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या बैठ्या खेळात धनुर्धराला आवर कसा घालावा, हा जुनाच प्रश्न आहे. २०१४ च्या नियमांत लांब धनुष्याचा पल्ला ६०० फूट. मात्र १५० फुटांपलीकडे नेम कच्चा, आणि आडोसा शत्रूला राखतो. परंतु ‘शार्पशूटर’ हे कौशल्य घेताच पूर्ण आडोशावाचून कसलीच अडचण उरत नाही. तलवारबहाद्दर व्यर्थ ठरतो. हा नियमकर्त्यांचा दोष होय. महाभारतात कर्णाची वासवी शक्ती एकदाच सुटावयाची. ती घटोत्कचावर खर्ची पडली, म्हणून अर्जुन वाचला. तिचे बळ अमोघच राहिले, परंतु मोल जबर होते. खेळ जोयड्याच्या दाट रानात कल्पावा. शत्रू दिसेपर्यंत तो हातघाईवर आलेला असतो. तेथे ६०० फुटांचा तोरा आपोआप उतरेल.