दुधाचा पेला आणि लीनाची नजर

हिचकॉकच्या 'सस्पिशन'मध्ये (१९४१) खून होताना दिसतच नाही. दिसतो तो नवरा. कॅरी ग्रांटचा जॉनी देखणा, लाघवी, कर्जबाजारी आणि अट्टल थापाड्या आहे. सासऱ्याने लग्नात दिलेल्या पिढीजात खुर्च्या विकून तो रेस खेळतो आणि जिंकल्यावर त्याच खुर्च्या हसत हसत परत आणतो. लीना (जोन फाँटेन) रागावते, विरघळते, पुन्हा रागावते. इथवर सगळं विनोदी नाटकासारखं चालतं, थोडं रेंगाळतंही.

मग अक्षरं जुळवण्याचा खेळ येतो. जॉनी आणि त्याचा भोळा मित्र बीकी समुद्रकड्यावरच्या जमिनीच्या गप्पा मारताहेत, लीनाची बोटं चाळा म्हणून अक्षरं सरकवताहेत, आणि टेबलावर शब्द तयार होतो: 'मर्डर'. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, पुरावाही सापडलेला नाही. संशय तिच्याच हातून घडतो. पुढच्याच क्षणी बीकी कड्यावरून कोसळताना तिला कल्पनेत दिसतो, म्हणजे आपल्यालाही. इथून कॅमेरा तिचा झाला.

म्हणून तो जिना इतका भिवविणारा. जॉनी अंधारातून तबकात दुधाचा पेला घेऊन वर येतो. भिंतीवर खिडकीच्या सावल्यांचं कोळ्याचं जाळं, आणि त्यात पेला पांढराशुभ्र उजळलेला. प्रेक्षकाची नजर दुसरीकडे जाऊच नये म्हणून हिचकॉकने दुधात चक्क दिवा ठेवला होता. युक्ती ठाऊक असूनही अंगावर काटा येतोच. कारण आजारी बायकोला झोपताना दूध आणून देणं, यात गैर काय? पण एकदा मन फिरलं की नवऱ्याची मायाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. सकाळी पेला तसाच भरलेला दिसतो.

फ्रान्सिस आइल्सच्या मूळ कादंबरीत लीना जाणूनबुजून विष घेते. पडद्यावर मात्र शेवटी जॉनी निर्दोष ठरतो. हा शेवट अनेकांना पचत नाही. शेवटची ती घाईची सारवासारव मलाही कच्चीच वाटते, पण वाटते तितकी निरुपद्रवी नाही. त्या खुलाशाला जॉनीखेरीज साक्षीदार कोण? आणि खुर्च्यांच्या बाबतीत तो काय काय बोलला होता, ते आपण ऐकलेलं आहे.