जुनें मद्य आणि उसनी रुचि

पानांतील चटणीपासून नाटकांतील पदापर्यंत कोणत्याहि वस्तूची चव घ्यावी आणि ती चारचौघांत नीट बोलून दाखवावी, ही रसिकतेची पहिली पायरी होय. अलीकडे नव्या मुंबईंत, वाशी-नेरूळकडील कांहीं सुशिक्षित कुटुंबांत, या रसिकतेस एक नवें क्षेत्र लाभलें आहे. चारसहा स्नेही एकत्र जमतात, फ्रान्सहून आलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या तांबड्या द्राक्षमद्याच्या एकदोन बाटल्या उघडतात आणि घोटघोट चाखून त्यांवर अभिप्राय देतात. कित्येकांस हें थिल्लरपणाचें वाटतें, कित्येकांस प्रतिष्ठेचें. आम्हांस हा विषय या मासिकांत चर्चिण्याजोगा वाटतो, याचें कारण इतकेंच कीं, तेथें जें चालतें ती मुळांत टीकाच आहे, आणि आपल्या वाङ्मयीन टीकेचे गुणदोष तींत स्पष्ट दिसून येतात.

मराठी वाङ्मयानें मद्याकडे मुख्यतः दोन दृष्टींनीं पाहिलें. गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें आणि सुधाकराच्या हातांतील पेला घरोघरीं धाकाचा विषय झाला. पुढें दहा वर्षांनीं फारसीचे प्राध्यापक माधवराव पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांनीं उमरखय्यामच्या रुबाया मराठींत आणल्या आणि तोच पेला जीविताच्या क्षणभंगुरतेचें प्रतीक बनला. एकीकडे इशारा, दुसरीकडे रूपक. पेल्यांतील पदार्थाची चव सांगण्याचें प्रयोजन दोघांसहि नव्हतें. गडकऱ्यांचा इशारा आजहि खोटा ठरलेला नाहीं, आणि कोणीं मद्य प्यावें असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. मौज एवढीच कीं, १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं नारायणगांवीं फेसाळ द्राक्षमद्य तयार करून परदेशीं पाठविलें, तेव्हां त्या बाटलीवरहि 'ओमर खय्याम' हेंच नांव आलें. वस्तु आपल्या मातींत झाली, पण तिची ओळख पुस्तकांतून उसनी आणावी लागली.

जुन्या तांबड्या मद्यांत काळ नेमकें काय करतो, हें प्रथम पाहूं. द्राक्षांच्या सालींतून व बियांतून रसांत एक तुरट द्रव्य उतरतें. बोर्दो प्रांतांत पिकणाऱ्या कॅबर्ने सॉव्हिन्यों या जातींत तें भरपूर असतें; म्हणून तेथील नवें मद्य जिभेस हिरड्यासारखें आवळतें. वर्षानुवर्षें बाटलींत पडून राहिल्यावर या द्रव्याचे कण एकमेकांस व रंगद्रव्यास चिकटून जड होतात आणि कांहीं तळाशीं गाळ होऊन बसतात. जांभळट रंग कडेनें विटकरी होत जातो. ताज्या फळाचा वास मागें पडून तंबाखू, चामडें, वाळलेलीं पानें यांची आठवण देणारा वास पुढें येतो. या क्रियेस आपल्या भाषेंत एक अस्सल शब्द आहे : मुरणें. लोणचें मुरतें, मुरंबा मुरतो, गवईहि मुरलेला असतो.

परंतु मुरण्यास मुळांत ऐवज लागतो. जगांतील बहुतेक द्राक्षमद्यें थोड्या वर्षांत संपविण्यासाठींच केलेलीं असतात. तीं ठेवलीं तर मुरत नाहींत, नुसतीं म्हातारीं होतात. शिवाय जागाहि लागते. बारा-चौदा अंशांच्या थंड तळघरांत जें तीस वर्षें सुधारत राहतें, तें वाशीच्या दमट उकाड्यांत उघड्या कपाटांत ठेवल्यास दोन-चार उन्हाळ्यांतच उतरणीस लागतें. वाग्भटानें अष्टांगहृदयांत नवें मद्य जड व दोषकारक आणि जीर्ण मद्य त्याच्या उलट म्हटलें आहे खरें. पण केवळ जुनेपण हा गुण नव्हे, परीक्षा करूनच निवड करावी, हें कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या आरंभीं काव्याविषयीं बजावलें आहे, तें मद्यासहि लागू पडतें.

ही परीक्षा बहुधा होत नाहीं, कारण बाटलीवरील चिठ्ठी जिभेच्या आधीं बोलते. बोर्दोच्या मेडॉक भागांतील तांबड्या मद्यांची प्रतवारी १८५५ सालीं ठरली, आणि तिच्या पहिल्या श्रेणींत बढती मिळण्याचा प्रसंग त्यानंतर एकदांच, १९७३ सालीं, आला. १९७६ सालीं स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानें पॅरिसमध्यें नांवें झांकून फ्रेंच परीक्षकांपुढें पेले ठेवले. तेव्हां बोर्दोचीं नामांकित मद्यें मागें पडून कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या एका मद्यास पहिला क्रमांक मिळाला. आय. ए. रिचर्ड्स यांनीं केंब्रिजमध्यें विद्यार्थ्यांपुढें कवींचीं नांवें गाळून कविता ठेवल्या व त्यांचे अभिप्राय १९२९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, तो प्रयोगहि याच जातीचा. नांव झांकलें कीं विद्वानांचीहि वाचा बसते.

नेरूळच्या एका बैठकींत आम्हीं हाच प्रयोग केला. त्यापूर्वी चिठ्ठ्या उघड्या असतां 'ब्लॅककरंट', 'सीडर' अशा शब्दांचा वर्षाव होई. आणि ब्लॅककरंटचें झुडूप आम्हांपैकीं एकानेंहि पाहिलेलें नव्हतें! या खेपेस बाटल्या वर्तमानपत्रांत गुंडाळल्या, आणि बराच वेळ कोणी बोलेना. अखेर यजमानीणबाई म्हणाल्या, "हें आमसुलाच्या साराजवळचें आहे, आणि याला आजीच्या फडताळाचा वास आहे. दुसरें ताजें आहे, पण त्याचा तुरटपणा अजून मुरायचा आहे." तें सर्वांस तत्काळ पटलें. कागद सोडले, तेव्हां पहिलें बोर्दोचें निघालें व दुसरें नाशिकचें. निकाल फ्रेंच मद्याच्याच बाजूनें लागला. पण तो आमचा निकाल होता, ऐकीव नव्हे.

हें सामर्थ्य आपल्यापाशीं नाहीं असें नाहीं. वाशीच्या फळबाजारांत आंब्याची पेटी घेणारा गृहस्थ देवगड कीं रत्नागिरी, अढींत पिकला कीं घाईनें पिकविला, आंत साका निघेल काय, हें कोणत्याहि मार्गदर्शिकेवांचून सांगतो. कौटिल्यानेंहि द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हणून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें देशावरून पडल्याचें नमूद केलें आहे. देश ओळखून चव ठरविण्याची ही दृष्टि आपणांस परकी नाहीं. ती नाशिकच्या मद्यांसहि लावली पाहिजे. तेथें वेलाची छाटणी वर्षांतून दोनदां होते, आणि युरोपांत द्राक्षें सप्टेंबर-ऑक्टोबरांत उतरतात तर येथें जानेवारी ते मार्चच्या सुमारास. महाराष्ट्र सरकारचें द्राक्षप्रक्रियेचें धोरण २००१ सालचें. एवढ्या तरुण धंद्यास बोर्दोच्या मापानें मोजून नापास करणें जितकें अन्यायाचें, तितकेंच स्वदेशी म्हणून त्यास डोक्यावर घेणें भाबडेपणाचें.

मद्य न पिणाऱ्या वाचकांनींहि या प्रश्नास परका मानूं नये. चिठ्ठी वाचून चव ठरविणारा मनुष्य मुखपृष्ठावरील नांव वाचून कादंबरी थोर ठरवितो, आणि नव्या कवीचें पुस्तक न उघडतांच बाजूस सारतो. जुन्या ग्रंथांपैकीं कोणते मुरले आणि कोणते केवळ म्हातारे झाले, हें प्रत्येक पिढीनें आपल्या जिभेनें ठरवावयाचें असतें. त्यासाठीं नांव क्षणभर झांकावें, मनांत आलेला पहिला शब्द आपल्या भाषेंत उच्चारावा, आणि मग खुशाल थोरांचें मत विचारावें.